सुट्टी सोडून

माझ्या पगाराच्या पावतीवर दर महिन्याला एक बारीक ओळ असते. व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. पुण्यात नोकरीला लागले तेव्हा हा कर कशाचा, हे मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यावं असंही वाटलं नव्हतं. कंपनी कापते, आपण बघून सोडून देतो.

हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरात पगार घेणाऱ्याकडून थोडं घ्यायचं आणि गावात हाताला काम नसलेल्याला काम द्यायचं, असा तो व्यवहार होता. त्या योजनेचं मूळ वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात करून पाहिलेल्या प्रयोगात आहे. पण तिला बळ आलं ते बाहत्तरच्या दुष्काळानं. त्या दुष्काळात माझी आजी खडी फोडत होती. म्हणजे माझी पावती आणि आजीचा हातोडा एकाच हिशेबात येतात, हे मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळलं.

हे सगळं शोधायला लागले ते एका वहीमुळे. गेल्या दिवाळीत घरी गेले होते. पाटोदा तालुक्यातलं आमचं गाव बालाघाटाच्या माथ्यावर, कोरडवाहू. पत्र्याच्या पेटीतले जुने कपडे काढताना आईची खर्चाची वही सापडली, २०१० सालची. माझ्याच पाचवीच्या गणिताच्या वहीची उरलेली पानं. मी तेव्हा सातवीची परीक्षा दिली होती. भाऊ पाच वर्षांचा, अंगणवाडीत. घरात आजी, आई, बाबा, आम्ही दोघं. आई आमच्याच जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवायची, अजूनही शिजवते.

वही उघडली आणि सवयीनं मी ती लॅपटॉपवर उतरवून काढली. आकडे रकान्यात बसले तेव्हा एक गोष्ट दिसली. मे आणि जूनचा पहिला पंधरवडा बाकी वर्षासारखा नव्हता.

*

सुट्टी म्हटलं की लेखांमध्ये आमराई, विहिरीतलं पोहणं आणि मामाचं गाव येतं. तेही होतं. पण बीड जिल्ह्यातल्या कोरडवाहू घराला उन्हाळ्याची सुट्टी कशी लागते, ते आधी सांगते.

कापूस निघालेला असतो, ज्वारी काढून झालेली असते. एप्रिलच्या मध्यापासून रानात काम नसतं आणि काम नाही म्हणजे मजुरी नाही. मजुरी पुन्हा सुरू होते ती पाऊस पडून पेरणी झाल्यावर, खुरपणी निघाल्यावर, म्हणजे जुलैत. मधल्या काळात खर्च मात्र वाढत जातो. लग्नसराईचे आहेर, मग बी-भरण आणि खत, मग शाळेच्या वह्या. पाणी विकत घ्यायची वेळ आली तर तोही खर्च याच दिवसांत. उन्हामुळे शाळेला सुट्टी आणि उन्हामुळेच रानाला सुट्टी, अशा दोन सुट्ट्या एकावर एक बसतात. ज्या दिवसांत घरात पैसा येत नाही, नेमक्या त्याच दिवसांत शाळेतलं दुपारचं जेवण बंद होतं.

माझ्यापुरता हिशेब मांडते. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ असं शाळेच्या जेवणाचं प्रमाण होतं. २०१० साली १ मे ते १४ जून हे ४५ दिवस, त्यातले ७ रविवार सोडले तर ३८. म्हणजे ५ किलो ७०० ग्रॅम तांदूळ आणि १ किलो १४० ग्रॅम डाळ. बाजारभावानं दोनशे रुपयांच्या आसपास. कोणी म्हणेल, एवढंच? पण दुसरी बाजू आईची. डिसेंबर २००९ पासून स्वयंपाकी-मदतनिसांना महिन्याला १००० रुपये मानधन ठरलं, आणि तेही वर्षातून १० महिन्यांचं. म्हणजे सुट्टीच्या हिशेबात आईचे २००० रुपये गेले. सगळं मिळून बावीसशे. बाबांना रोज काम मिळालं असतं तर हा खड्डा बुजला असता. पण काम नव्हतं.

त्यात ते वर्ष वाईट. २००९ चा पावसाळा देशभरात सुमारे २२ टक्के कमी पडला होता, १९७२ नंतरचा सगळ्यात कोरडा. तुरीची डाळ शंभरीच्या आसपास जाऊन आली होती. वहीत मार्चनंतर तूरडाळ कुठेच नाही. त्या जागी हुलगे आहेत, मटकी आहे.

आमचं कार्ड पिवळं. ३५ किलो धान्य महिन्याला, गहू ५ रुपये आणि तांदूळ ६ रुपये किलो. ३५ किलो भागिले पाच माणसं भागिले तीस दिवस, म्हणजे माणशी दिवसाला २३३ ग्रॅम. घरच्या बाजरीची त्यात भर. आई गव्हाच्या पिठात बाजरी मिसळायची. सकाळी अंबील, दुपारी हुलग्याचं माडगं किंवा येसराची पातळ आमटी. येसर घरचाच केलेला असला की डाळीशिवाय आमटी होते आणि ताटात काहीतरी ओलं दिसतं. संध्याकाळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. शेंगदाणे संपले की जवसाची, जवस संपला की नुसता ठेचा.

कुरडया आणि खारोड्या हा आमच्याकडे हौसेचा विषय नव्हता. वाळवण म्हणजे पावसाळ्यात भाजी महाग झाली की तळून पुढे करायचं कालवण. बायका सावडीनं करायच्या. आज हिच्या घरच्या शेवया, उद्या तिच्या घरच्या. ज्या घरी काम, त्या घरी दुपारचा चहा आणि लेकरांना गव्हाचा गरम चीक. मला तो चीक फार आवडायचा. आई मला मुद्दाम बरोबर न्यायची, याचा अर्थ आज कळतो.

धाकट्या भावाचं मात्र बरं चाललं होतं. अंगणवाडीचा आहार वर्षाला ३०० दिवसांचा धरलेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यात तिथलं जेवण फारसं थांबत नाही. पाच वर्षांच्या लेकराला मे महिन्यात भूक लागते हे सरकारला मान्य होतं. बारा वर्षांच्या मुलीची भूक शाळेबरोबर बंद होत असावी असं कागदावर गृहीत होतं. मी त्याला आणायला जायचे आणि रस्त्यात त्याच्या डब्यातलं दोन घास खायचे. त्यानं कधी घरी सांगितलं नाही.

*

मग मला मामाकडे पाठवलं.

आमच्या भागात मामाचं गाव सुट्टीतच का, याला आंब्यापलीकडे एक कारण आहे. मामा-मामी ऊसतोडीला जायचे. बीडमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेतलेली. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या फडात पाच-सहा महिने कोपीत राहायचं. पट्टा पडला की मार्च-एप्रिलात माघारी. बाकी वर्षभर मामाच्या घराला कुलूप किंवा दारात एकटी म्हातारी. घर उघडं असायचं ते फक्त उन्हाळ्यात, म्हणून मामाचं गाव उन्हाळ्यात.

ऊस तोडणाऱ्यांच्या लेकरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, म्हणजे आईबाप फडात गेले तरी लेकरू गावात राहून शिकावं. हंगाम संपला की तेही बंद. माझी मामेबहीण सहा महिने तिथं जेवायची आणि आईबाप घरी आल्यावर घरच्या चुलीवर यायची. आईबाप आले याचा आनंद आणि जेवण पातळ झालं याची जाणीव, दोन्ही तिला एकाच आठवड्यात व्हायची.

त्या वर्षी मामाची उचल फिटली नव्हती. तरी मला पंधरा दिवस ठेवून घेतलं. मामीनं सकाळी मला चिंचा फोडायला बसवलं. गावातला एक व्यापारी चिंचेची पोती टाकून जायचा, फोडून चिंचोके वेगळे करून दिले की किलोवर पैसे. नखं काळी पडायची, बोटांना चरे पडायचे. मी चार-पाच किलो करायचे. निघताना मामीनं माझ्या हातावर पन्नास रुपये ठेवले. भाचीला मामानं दिलेले पैसे म्हणून मी ते मिरवले. वहीत २९ मेला आईच्या अक्षरात आहे, 'बाईचे ५०'. खर्च: तेल, मीठ, साबण.

एका घराचं एक तोंड दुसऱ्या घरी पंधरा दिवस जातं, आणि तिथं जमेल तेवढे हात लावतं. यात कोणी कोणावर उपकार केल्यासारखं वागत नव्हतं. माहेरपण, मामाचं गाव, सावड हे सगळे शब्द गोड आहेत. त्यांच्या आत धान्य वाटून घ्यायची रीतही आहे.

*

आजीला विचारलं, तुमच्या वेळी सुट्टीत काय करायचे? ती म्हणाली, "आमाला कुठली सुट्टी गं माय. बाहत्तरला तर सुट्टीतच सारा गाव कामावर होता."

तिचं म्हणणं आकड्यांशी जुळतं. १९७२ चा पाऊस गेला, त्याआधीची दोन वर्षंही तोकडीच होती. सरकारनं दुष्काळी कामं काढली: पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी. त्या कामांवरची संख्या सगळ्यात वर गेली ती मे १९७३ मध्ये, राज्यभर सुमारे ५० लाख माणसं. आमच्या तालुक्यातले कितीतरी पाझर तलाव त्या वेळचे. आजी विशीतली, माझे बाबा दोन-तीन वर्षांचे. कामावर बाभळीला झोळी बांधून त्यांना ठेवायची. खायला परदेशातून आलेला लाल मिलो, त्याची भाकरी थापली तर फुटायची. आणि सुकडी. गहू, गूळ यांची ती भुकटी कामावरच्यांना आणि लेकरांना वाटायचे.

"सुकडी गोड लागायची का?" मी विचारलं.

"गोड कशाची. पण तुझा बाप ती बघून रडायचा थांबायचा."

तिच्या पिढीचं एक वाक्य आमच्याकडे २०१३ च्या दुष्काळात घरोघर ऐकू आलं. बाहत्तरला पाणी होतं, अन्न नव्हतं. आता अन्न आहे, पाणी नाही. त्यातला दुसरा भाग पुरता खरा नाही. अन्न आहे म्हणजे दुकानात आहे.

त्या दुष्काळातून १९७७ चा रोजगार हमी कायदा आला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम हे त्याचं तत्त्व पुढे २००५ साली देशाच्या कायद्यात गेलं. बाहत्तरनं एक गोष्ट सरकारच्या गळी उतरवली होती: भूक कॅलेंडर बघून येते आणि ती मे महिन्यात येते. कामाच्या योजनेत हे शहाणपण राहिलं. जेवणाच्या योजनेत ते आलं नाही.

*

शाळेतल्या जेवणाची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. सुरुवातीला शिजवलेलं जेवण नव्हतं. ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो धान्य. २००१ साली पीयूसीएल या संघटनेनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सरकारी गोदामं भरलेली आणि माणसं उपाशी, हा तिचा मुद्दा. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयानं शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला, वर्षातून किमान २०० दिवस. मी २००३ साली पहिलीत गेले ती या आदेशाची खिचडी खायला.

२० एप्रिल २००४ ला त्याच खटल्यात न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेलं. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्या, असं सांगितलं. सुट्टीतली भूक तेव्हा सरकारी कागदावर आली. पण तिला दुष्काळाची अट लागली. दुष्काळ जाहीर झाला तर भूक खरी, नाहीतर नुसती सुट्टी.

नंतर २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला. त्याच्या पाचव्या कलमात मुलांना रोज एक वेळचं मोफत जेवण देण्याची हमी आहे, 'शाळेच्या सुट्ट्या सोडून'. मी हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या शब्दांवर थांबले. प्रोग्राम लिहिताना आम्ही अपवाद असाच लिहितो, एका ओळीत. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. बिघडतं तेव्हा ते त्याच ओळीत असतं.

१३ मे २०१६ ला स्वराज अभियानाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं, दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीत जेवण चालू ठेवा, आणि अंडं, दूध किंवा तसंच काही पौष्टिक आठवड्यातून किमान तीन दिवस द्या. त्याच उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आले होते. आई टँकरच्या पाण्यावर शाळेत खिचडी शिजवत होती. मला वाटलं, पोरं धावत येतील.

आली नाहीत. पहिल्या दिवशी बरी आली, मग कमी होत गेली. मी आईला म्हटलं, यांना भूक नाही का? ती म्हणाली, "शाळा असली की सगळेच ताट घेऊन बसतात. सरपंचाचं पोरगं बी अन् आपलं बी. सुट्टीत फकस्त ज्याच्या घरी नाही तेच येतं. पोराला ते कळतं ना."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. शाळेतल्या जेवणाची ताकद त्याच्या कॅलरीत आहे असं मी धरून चालले होते. ती पंगतीतही आहे. सगळे एका ओळीत बसले की कोण गरीब हे कळत नाही. सुट्टीत पंगत मोडते आणि मागे राहते ती रांग.

*

हे फक्त आमच्या जिल्ह्याचं नाही. इंग्लंडात १९०६ साली शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला. १९०७ मध्ये ब्रॅडफर्ड शहरात राल्फ क्रॉली या डॉक्टरनं चाळीसेक मुलांना शाळेत जेवण देऊन त्यांची वजनं नियमित घेतली. जेवण चालू असताना वजन वाढलं, सुट्टी लागली की खाली आलं. सुट्टीतही जेवण देण्याची परवानगी तिथल्या कायद्यात १९१४ साली आली. तरी २०२० च्या उन्हाळ्यात मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूला सरकारशी भांडावं लागलं, तेव्हा कुठे सुमारे १३ लाख मुलांना सुट्टीसाठी आठवड्याला १५ पौंडांची कुपनं मिळाली. शंभराहून जास्त वर्षं, आणि प्रश्न तोच.

आपल्याकडे मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्या ती आजवरची सगळ्यात लांब सुट्टी. कोरडा शिधा वाटला गेला. मे २०२१ मध्ये केंद्रानं ११.८ कोटी मुलांना मिळून १२०० कोटी रुपये द्यायचं ठरवलं. भागाकार केला तर मुलामागे शंभर रुपये.

*

आता वहीतली शेवटची गोष्ट.

काही तारखांच्या पुढे आईनं 'उ' लिहिलं होतं. उपवास. फेब्रुवारीत असे सहा 'उ' आहेत. मे महिन्यात सतरा. मला आठवलं की त्या वर्षी अधिक वैशाख होता आणि आई एकभुक्त राहायची. आजीही कौतुक करायची. पण अधिक महिना १४ मेला संपला. सतरातले नऊ 'उ' त्याच्या नंतरचे आहेत. आणि आख्ख्या मे महिन्यात साबुदाणा नाही, भगर नाही, शेंगदाण्याची खरेदीही नाही. १५ जूनला शाळा उघडली. त्यानंतरच्या पंधरवड्यात 'उ' फक्त दोन.

मी आईला वही दाखवली. ती चुलीपुढे होती. म्हटलं, "हे देवाचे उपवास नव्हते ना?"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उपवास हाय म्हणलं की कोणी जेव म्हणून मागं लागत नाही."

मी त्या वयात तिच्या उपवासांचा अभिमान बाळगायचे. मैत्रिणींना सांगायचे, माझी आई किती देवाची आहे. आता मी दर महिन्याला घरी पैसे पाठवते. आई तरी गुरुवार धरते आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी भरपूर शेंगदाणे घालून करते. फोनवर मला आवर्जून सांगते. का सांगते, ते आता कळतं.

नोकरी सोड, असं मी तिला तीनदा म्हटलं. ती सोडत नाही. मे महिन्याचे पैसे अजूनही मिळत नाहीत, पण जूनची तिला घाई असते. तिला विचारलं, सुट्टीनंतर पोरांत काही फरक दिसतो का? क्रॉलीचं नाव तिनं ऐकलेलं नाही आणि तिच्याकडे वजनकाटा नाही. पण सतरा वर्षं ती डाव घेऊन त्याच जागी उभी आहे.

"जूनच्या पहिल्या आठवड्याला मी ठरल्यापेक्षा दोन पळ्या जास्त टाकते," ती म्हणाली. "तेव्हा सगळेच दुसऱ्यांदा ताट पुढं करतात. मग जुलैपासून नाही करत."